छताकडे पाहणारा माणूस

नव्या इमारतीचे उद्घाटन होते तेव्हा निमंत्रित मंडळी ती उभ्याने पाहतात. प्रवेशद्वार, जिना, सभागृह, सारे चालता चालता नजरेखालून जाते, ‘वास्तू भव्य झाली’ असा अभिप्राय दिला जातो आणि पावले चहापानाकडे वळतात. त्या इमारतीत ज्यांना पुढे दिवसचे दिवस काढायचे असतात, ती माणसे मात्र तिच्याकडे निराळ्याच ठिकाणाहून पाहत असतात. रुग्ण ती खाटेवरून पाहतो, त्याचा नातेवाईक बाकावरून, विद्यार्थी मागच्या रांगेतून आणि बँकेचा ग्राहक काउंटरच्या बाहेरच्या बाजूने. इमारतीचा मनावर परिणाम होतो, हे विधान कोणी सहसा नाकारणार नाही. त्या परिणामाचा शोध घ्यायचा तर आधी त्या माणसाच्या जागी जाऊन बसावे लागते, कधी कधी तर झोपावे लागते. हे काम ज्यांनी मनापासून केले, त्यांच्या वास्तू म्हणूनच अभ्यासण्याजोग्या ठरल्या.

येथे विषय वास्तुशास्त्रातील दिशांचा नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. देवघर ईशान्येला असावे की कसे, याविषयी सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. प्रस्तुत विचार आहे तो उजेड, आवाज, रंग, खिडकी आणि दोन माणसांमधील अंतर यांचा. त्यांचा अनुभव श्रद्धाळूला व अश्रद्धाला सारखाच येतो.

फिनलंडच्या नैर्ऋत्य भागात, तुर्कू शहराजवळ, पायमिओ नावाचे गाव आहे. तेथील पाइन वृक्षांच्या वनात १९३३ साली क्षयरोग्यांसाठी एक मोठे रुग्णालय सुरू झाले. त्यासाठी घेण्यात आलेल्या स्पर्धेत १९२९ साली आल्वार आल्टो या वास्तुविशारदाचा आराखडा निवडला गेला होता. आल्टो यांनी तेव्हा वयाची तिशी नुकतीच गाठली होती. त्यांच्या पत्नी आयनो याही वास्तुविशारद होत्या आणि दोघांचे कार्यालय एकच होते. क्षयावर गुणकारी औषध त्या काळी उपलब्ध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. तोपर्यंत मोकळी हवा, सूर्यप्रकाश, सकस अन्न आणि संपूर्ण विश्रांती हाच उपचार होता. रुग्ण महिनोन्महिने, काही वेळा वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून असत. औषधाचे काम काही अंशी इमारतीलाच करावे लागणार होते.

हे काम हाती आले त्या सुमारास आपण स्वतः आजारी होतो, असे आल्टो पुढे सांगत. पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आले की, खोली नावाची वस्तू सर्वस्वी उभ्या माणसासाठी घडविलेली असते. उभा माणूस छताकडे क्वचितच पाहतो. आडव्या माणसाला दिवसभर छतच दिसते, आणि त्या छताच्या मधोमध लटकणारा दिवा नेमका त्याच्या डोळ्यांत शिरतो. आल्टो यांनी रुग्णाच्या खोलीचा आराखडा या आडव्या माणसाला केंद्रस्थानी ठेवून केला. छताला सौम्य हिरवा रंग दिला. भिंती त्याहून फिक्या ठेवल्या. दिवा रुग्णाच्या दृष्टिक्षेपाबाहेर नेला. खोली तापविण्याची योजना अशी केली की, ऊब पायांकडे पोहोचावी आणि डोक्याला तिचा त्रास होऊ नये. रंगाला रंगाइतकाच खर्च येतो, मग तो पांढरा असो की हिरवा; फरक पडतो तो निवडणारा कोठून पाहत होता याने.

त्या खोल्या दोन-दोन रुग्णांच्या होत्या. रात्री एकाने हात धुतले तर दुसऱ्याची झोपमोड होणार, म्हणून बेसिनच्या पृष्ठभागाला असा उतार दिला की, पाण्याची धार तिरकी पडावी आणि आवाज होऊ नये. प्रत्येकाला स्वतंत्र बेसिन दिले. दारांच्या मुठींना असा बाक दिला की, लगबगीने जाणाऱ्या डॉक्टरांच्या कोटाची बाही तीत अडकू नये. जिन्याची फरशी पिवळ्या लिनोलियमची केली. फिनलंडचा हिवाळा दीर्घ आणि काळोखा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पिवळ्या रंगाचे प्रयोजन निराळे सांगावे लागत नाही. वाकविलेल्या प्लायवूडची एक आरामखुर्ची खास या रुग्णालयासाठी घडविण्यात आली. तिच्या पाठीचा कल रुग्णाला श्वास घेणे सुलभ व्हावे अशा बेताने ठेवलेला होता. जगभरच्या श्रीमंत दिवाणखान्यांत ती ‘पायमिओ खुर्ची’ म्हणून आजही मिरवते. आपण क्षयरोग्याच्या खुर्चीवर बसलो आहोत याची कल्पना तिच्यावर बसणाऱ्या किती जणांना असेल, कोण जाणे.

आता असे म्हणता येईल की, हे सारे एका संवेदनशील कलावंताचे मनोराज्य झाले. हिरव्या छताने रुग्ण बरा होतो याला पुरावा काय? हा प्रश्न रास्त आहे, विशेषतः ज्यांच्यापुढे खर्चाचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी येते त्यांनी तो विचारलाच पाहिजे. त्याचे एक उत्तर, निदान उत्तराचा एक भाग, अर्धशतकानंतर अमेरिकेतून आला.

रॉजर उलरिच या संशोधकाने पेनसिल्वेनिया राज्यातील एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातील कागदपत्रे तपासली. त्या रुग्णालयातील काही खोल्यांच्या खिडक्यांतून झाडे दिसत, तर त्याच मजल्यांवरील काही खोल्यांच्या खिडक्यांसमोर विटांची तपकिरी भिंत होती. बाकी खोल्या जवळपास एकसारख्या होत्या आणि परिचारिकाही त्याच. उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण निवडले आणि वय, लिंग, वजन, धूम्रपानाची सवय इत्यादी बाबतींत सारख्या असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतील एकाला झाडे दिसत होती, दुसऱ्याला भिंत. झाडांना पालवी असते तेवढेच महिने, म्हणजे मे ते ऑक्टोबर, हिशेबात धरले. हा काटेकोरपणा लेखापरीक्षकालाही आवडावा असा आहे.

निष्कर्ष १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवस रुग्णालयात राहिले. भिंत दिसणारे ८.७० दिवस. परिचारिकांच्या टिपणांतील ‘अस्वस्थ आहे’, ‘धीर द्यावा लागला’ अशा आशयाच्या नोंदी मोजल्या, तेव्हा झाडे पाहणाऱ्यांच्या बाबतीत त्या दरडोई १.१३ भरल्या आणि भिंत पाहणाऱ्यांच्या बाबतीत ३.९६. मधल्या दिवसांत तीव्र वेदनाशामकांची मात्राही पहिल्या गटाला कमी लागली. ४६ रुग्ण ही काही मोठी संख्या नव्हे, आणि एकाच रुग्णालयावरून साऱ्या जगाविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. तरीही खिडकीबाहेर काय दिसते याची नोंद रुग्णाच्या औषधाच्या कागदावर उमटते, हे त्या आकड्यांनी प्रथमच दाखवून दिले. रुग्णालयांच्या रचनेविषयीची चर्चा त्यानंतर अभिरुचीपुरती मर्यादित राहिली नाही. उलरिच यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की, पौगंडावस्थेत मूत्रपिंडाच्या विकाराने ते दीर्घ काळ अंथरुणावर होते आणि खिडकीबाहेरच्या एका पाइनच्या झाडाने त्यांना सोबत केली. आल्टो काय किंवा उलरिच काय, मूळ धडा दोघांनाही अंथरुणावरच मिळाला, हा योगायोग लक्षणीय आहे.

रुग्णाच्या खाटेचा असा विचार झाला; परंतु जे खाटेवर नसतात त्यांचे काय? निदान ऐकायला आलेला माणूस बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. तो चालता-बोलता असतो, कदाचित सकाळी कामावरही जाऊन आलेला असतो, आणि त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण अर्धा तास त्या बाकावर जातो. मॅगी केझविक जेंक्स या स्कॉटलंडमधील लेखिका व उद्यानरचनाकार स्त्रीवर १९९३ साली हा प्रसंग आला. त्यांचा स्तनाचा कर्करोग उलटला होता आणि आता फार थोडे महिने उरले आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. ते ऐकून बाहेर आल्यावर पती चार्ल्स यांच्यासह त्यांना बसावे लागले ते खिडकी नसलेल्या एका बोळवजा जागेत, ट्यूबलाइटच्या प्रकाशात. दुसरे रुग्ण आत जाण्यासाठी ताटकळत होते. रडायला आडोसा नव्हता, आणि न रडता बसावे तर पाहायलाही काही नव्हते.

मॅगी यांनी उरलेला काळ एका वेगळ्या जागेची कल्पना कागदावर उतरविण्यात घालविला. १९९५ साली त्यांचे निधन झाले. १९९६ साली एडिंबरा येथे रुग्णालयाच्या आवारातील एका जुन्या तबेल्याचे रूपांतर करून पहिले ‘मॅगीज सेंटर’ उघडण्यात आले. या केंद्रात उपचार होत नाहीत. तेथे स्वागतकक्षाचे टेबल नाही, बाणांच्या पाट्या नाहीत, नाव नोंदवून घेणारी खिडकी नाही. आत पाऊल टाकले की स्वयंपाकघर लागते आणि त्यात एक मोठे टेबल. चहा स्वतः करून घ्यायचा. बोलायचे असेल तर टेबलाशी बसायचे, नसेल तर बागेकडे तोंड असलेल्या कोपऱ्यात. पुढे डंडी येथील केंद्र फ्रँक गेरी यांनी २००३ साली, तर फाइफ येथील केंद्र झाहा हदीद यांनी २००६ साली रचले. अशी नामवंत मंडळी इतक्या लहान वास्तूंसाठी राबली, आणि तरी प्रत्येक ठिकाणी मध्यवर्ती स्थान स्वयंपाकघराच्या टेबलालाच राहिले. आज या केंद्रांची संख्या वीसहून अधिक आहे. आपल्याकडे रुग्णासोबत घरचे माणूस मुक्कामाला असण्याची रीत आहे. डबा, चादर आणि पाण्याची बाटली घेऊन ते माणूस जिन्याच्या पायरीवर किंवा व्हरांड्यात रात्र काढते. आराखड्यात त्याच्यासाठी चौरस फूट राखून ठेवलेले असतात का, हे रुग्णालयाचा नकाशा पाहताना जरूर तपासावे.

रुग्णालयातील वास्तव्य निदान काही दिवसांचे असते. घराचे तसे नसते, आणि घरांच्या बाबतीत वास्तुरचनेच्या सामर्थ्याविषयी थोडे सावधपणे बोलणे आवश्यक आहे. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रुइट-आयगो ही वसाहत उभी राहिली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, गरिबांसाठी. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यांवरील लांब सज्ज्यांत लोक उतरतील, तेथे मुले खेळतील, शेजार जमेल, असा हिशेब होता. कागदावर हा विचार सुंदर होता. वीस वर्षांच्या आत ती वसाहत इतकी उद्ध्वस्त झाली की, १९७२ साली तिच्यातील इमारती सुरुंगाने पाडण्यास आरंभ झाला. दोष सर्वस्वी रचनेचा, असे पुष्कळांनी लिहिले. ते पूर्ण सत्य नव्हते. देखभालीला पैसा नव्हता, शहरातून लोक व रोजगार निघून चालले होते, वांशिक भेदभावाची पार्श्वभूमी होती. भाड्यातून देखभाल करायची आणि भाडे देणारे निघून जायचे, या चक्रात कोणतीही इमारत टिकली नसती.

तथापि ऑस्कर न्यूमन या अभ्यासकाने तेथेच टिपलेले एक निरीक्षण विसरण्यासारखे नाही. जो जिन्यासमोरचा चौक दोनच कुटुंबांच्या वापरात होता, तो स्वच्छ आणि नीटनेटका असे. जो सज्जा वीस कुटुंबांचा होता, तो कोणाचाच नव्हता.

नवी मुंबईत बेलापूर येथे सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात जी वसाहत रचली, ती या निरीक्षणाशेजारी ठेवून पाहावी. सुमारे साडेपाचशे कुटुंबांची ही वस्ती आहे, पण तिची सुरुवात सात घरांपासून होते. साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगण आणि त्याभोवती सात घरे. अशा तीन पुंजक्यांची एकवीस घरे मिळून त्याहून मोठे अंगण, आणि असेच वाढत वाढत गावठाणाएवढी मोकळी जागा. दाराबाहेर पाऊल टाकणाऱ्या माणसाला एकदम शेकडो अनोळखी चेहरे दिसत नाहीत. सहा ओळखीची दारे दिसतात. घरांच्या भिंती एकमेकांशी सामायिक ठेवल्या नाहीत, जेणेकरून ज्याला ऐपतीनुसार खोली वाढवायची असेल त्याने शेजाऱ्याला न दुखविता वाढवावी. लोकांनी ती वाढवलीही, इतकी की अनेक मूळ घरे आज ओळखू येत नाहीत. वास्तुरचनेच्या रसिकांना याची हळहळ वाटते. त्या घरांत राहणाऱ्यांना तशी ती वाटण्याचे कारण नाही, आणि कोरियांनी मोकळीक ठेवली होती ती याचसाठी.

बँकेच्या इमारतीचा इतिहासही याच अंगाने पाहता येतो. क्षयावर औषध नव्हते तेव्हा जे काम रुग्णालयाच्या वास्तूकडे आले, तेच काम ठेवींना विमा नव्हता तेव्हा बँकेच्या वास्तूकडे होते. ग्रीक मंदिरासारखे दगडी स्तंभ, जाड भिंती, लोखंडी गजांच्या खिडक्या. ‘तुमचा पैसा येथून हलणार नाही’ हे आश्वासन दगडाने द्यायचे होते. अमेरिकेत ठेव विमा आला १९३३ साली. भारतात पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक १९६० साली कोसळल्यानंतर, १ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. आरंभी मर्यादा १,५०० रुपये होती, २०२० साली ती पाच लाख करण्यात आली. विश्वासाचा भार दगडावरून कायद्यावर गेल्यावर दगडाला पातळ होण्याची मुभा मिळाली. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर १९५४ साली मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्ट कंपनीची जी शाखा उघडली, तिच्या भिंती काचेच्या होत्या आणि तिजोरीचे सुमारे तीस टनांचे दार रस्त्यावरून दिसेल असे तळमजल्यावर बसविलेले होते. जे आजवर तळघरात दडविले जाई, तेच शोकेसमध्ये मांडले गेले.

काचेच्याही आधी एका वेगळ्या वाटेचा प्रयत्न झाला होता. मिनेसोटा राज्यातील ओवाटोना या शेतीप्रधान गावात लुई सलिव्हन यांनी १९०८ साली नॅशनल फार्मर्स बँकेची इमारत बांधली. विटांची, चौकोनी, दोन भव्य कमानी आणि त्यांत रंगीत काचा. आतल्या भिंतीवर चरणाऱ्या गायींचे आणि सुगीचे भित्तिचित्र रंगविण्यात आले. कर्जासाठी टोपी हातात घेऊन आलेला शेतकरी मान वर करी, तेव्हा त्याला स्वतःच्याच कुरणासारखे काही दिसे. १९२० च्या दशकातील शेतीमंदीत ती बँक बुडाली, हेही नमूद करायला हवे. गायींच्या चित्राने थकीत कर्ज वसूल होत नाही. इमारत मात्र आजही जपलेली आहे.

आपल्याकडे १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या त्या मिळेल त्या जागेत, कोणाच्या माडीवर, कोणाच्या वखारीत. वास्तुविशारदाचा प्रश्नच नव्हता. रोखपाल जाळीच्या आत आणि ग्राहक जाळीच्या बाहेर, हातात पितळी टोकन घेऊन आपला क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहत. बसलेला कर्मचारी आणि उभा ग्राहक ही रचना कोणी विचारपूर्वक ठरविली नव्हती, तरी तिचा अर्थ दोन्ही बाजूंना कळत होता. संगणकीकरणाबरोबर जाळ्या निघाल्या, खुर्च्या आल्या, काचेचे दार आणि वातानुकूलन आले. हा बदल निःसंशय स्वागतार्ह. पण काच सर्वांशी एकच भाषा बोलत नाही. शहरी ग्राहकाला जी खुली वाटते, तीच काच नव्याने खाते उघडलेल्या मजुराला अडवते. अशा शाखांच्या दारात पायातल्या वहाणा काढून आत शिरणारी माणसे आजही दिसतात. कोणी तसे सांगितलेले नसते. चकाकणारी फरशी सांगते. चलन भरण्याच्या टेबलाला दोरीने बांधलेले पेनही असेच काहीतरी सांगत असते. पायऱ्यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २००९ सालीच एटीएमला उतरंड असावी अशी सूचना दिली, म्हणून चाकाच्या खुर्चीतील ग्राहकाची निदान नियमात तरी नोंद झाली. वहाणांची नोंद कोणत्याही परिपत्रकात होणे कठीण.

नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक शाखांत येतात. २०१४ पासून हा दाखला घरबसल्याही देता येतो. तरी अनेक जण येतातच, कारण वर्षातून एकदा जुने सहकारी भेटतात. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी तास-दीड तास थांबणे ही तशी चमत्कारिक गोष्ट. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या असतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांची तोंडे व्याजदराच्या फलकाकडे आणि एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाकडे. खिडकी असते ती फायलींच्या कपाटाआड. रस्ता, समोरचे झाड, शाळेत निघालेली नातवंडांच्या वयाची मुले, सारे त्या कपाटामागे असते. कपाट दुसऱ्या भिंतीला लावण्यास मुख्य कार्यालयाची मंजुरी लागत नाही.